सर्जा-राजा घरच्या घरी: तान्ह्या पोळ्यासाठी दोघींचा जोडवेश

पहिल्या वर्षी आमचा सर्जा पांढरा झाला आणि राजा गव्हाळ. मी नागपुरात मानेवाड्यात, मैत्रीण नंदनवनात. दोघींनी आपापल्या घरी एकेक बैल करायला घेतला आणि रोज रात्री फोनवर फोटो पाठवले. फोटोत सगळं जुळत होतं. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी शेजारी उभ्या राहिलो तेव्हा दिसलं, तिची शिंगं माझ्यापेक्षा वीतभर उंच, माझी झूल गुडघ्यापर्यंत आणि तिची कमरेपर्यंत. कॉलनीतला एक लहानगा आईला विचारत होता, "हा बैल आहे, तं मंग ते काय आहे?"

पुढच्या वर्षी आम्ही एकच नियम केला: एकीनं एक बैल करायचा नाही. दोघींनी मिळून आधी चारही शिंगं करायची, मग दोन्ही डोकी, मग दोन्ही झुली. एकाच घरात, एकाच सतरंजीवर बसून. खाली जे लिहिलंय ते त्या दुसऱ्या वर्षाचं आहे. दोघींचा मिळून खर्च आला ५८० रुपये.

विदर्भाबाहेरच्यांसाठी दोन ओळी. पिठोरी अमावास्येला बैलांचा पोळा, आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. मुलं लाकडी बैल सजवून आणतात, घरोघरी नेतात आणि बोजारा घेतात, म्हणजे पैसे, खाऊ, जे मिळेल ते. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची ही रीत. हल्ली बहुतेक कॉलन्यांत सोबत वेशभूषा स्पर्धाही असते. आमच्याकडे मोठ्यांनाही घेतात, फक्त जोडीनं यायचं.

जोडी ठरवताना

नागपुरात जोड्यांना तोटा नाही. तर्री (पोह्यांवरचा तिखट लाल रस्सा) आणि पोहे, पेंचचा वाघ आणि त्याचा फोटो काढणारा पर्यटक, संत्रं आणि त्याची बर्फी. निवडताना एक कसोटी लावा: एकटी उभी राहिलात तरी तुम्ही कोण ते कळलं पाहिजे, आणि दोघी उभ्या राहिलात की काहीतरी जास्तीचं कळलं पाहिजे. तर्री एकटी उभी राहिली तर लाल ओढणी घेतलेली बाई दिसते, म्हणून आम्ही ती सोडली.

काळी आणि पिवळी मारबतही आमच्या डोक्यात आली होती. बाईच्या रूपातल्या या दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी निघते, जोडी तयारच. पण पिवळ्या मारबतीला लोक हात जोडतात, लेकरांना पायावर घालतात. गंमत म्हणून तिचा वेश घालणं कोणाला खटकू शकतं. त्याच मिरवणुकीतला बडग्या नावाचा पुतळा चालतो, तो असतोच टिंगलीसाठी. पण मग जोडी कुठून आणायची?

बैलजोडी ठरल्यावरचा प्रश्न: कोणते बैल? हा वरवरचा वाटतो, पण अर्धा खर्च इथंच ठरतो. आमच्या वर्धा-नागपूर पट्ट्यातला बैल म्हणजे गवळाऊ. रंगानं पांढरा, मानेकडे आणि वशिंडाकडे राखाडी. पांढरा कुडता आणि पांढरी लेगिंग दोघींच्याही कपाटात होतीच, अंगाचा खर्च शून्य. तांबडा बैल करायचा तर तांबडे कपडे आणावे लागले असते. गवळाऊची शिंगं मात्र आखूड असतात, लांबून दिसत नाहीत. आम्ही ती जरा लांब केली. मैत्रिणीच्या बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, "डोकं गवळाऊचं अन् शिंगं खिलारीची! असा बैल कोणत्या बाजारात भेटते?" ते उमरेडकडचे शेतकरी. त्यांच्यापुढे आम्ही वाद घातला नाही, शिंगंही बदलली नाहीत.

दिवस उलटे मोजा

पोळ्याची तारीख दरवर्षी हलते. २०२४ मध्ये पोळा २ सप्टेंबरला होता, २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. आधी कॅलेंडर पाहा आणि तान्ह्या पोळ्यापासून १२ दिवस मागे जा. कामाला १२ दिवस लागत नाहीत. वाळायला लागतात. हे दिवस नागपुरात पावसाचे. बाहेर रिपरिप, घरात दमटपणा, आणि कागदाचा लगदा तीन-तीन दिवस ओलाच्या ओला.

खरेदी पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी उरका. नागपूरच्या इतवारी आणि महाल या भागांत बैलांच्या साजाची दुकानं तोवर लागलेली असतात. ऐन पोळ्याला भाव उतरतो हे खरं, पण तेव्हा रंगाच्या जोड्या मोडलेल्या असतात. एक लाल गोंडा मिळतो, दुसरा मिळत नाही. आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काही राहिलं म्हणून इतवारीकडे निघालात तर मारबतीच्या गर्दीत अडकाल.

आणायचं काय, उचलायचं काय

पुठ्ठे फुकट. कूलर-फ्रिजच्या दुकानात संध्याकाळी जा, खोके तसेही बाहेर ठेवलेले असतात, विचारून उचला. दोन्ही डोक्यांना एकाच खोक्याचा पुठ्ठा वापरा, जाडी सारखी राहते. झुलींसाठी एक जुनी काठापदराची साडी. ती मैत्रिणीच्या आजीची, जांभळी, पिवळ्या काठाची, एके ठिकाणी जळलेली. पांढऱ्या डिस्टेंपरचा उरलेला डबा माझ्या घरी गच्चीच्या जिन्याखाली होता. वर्तमानपत्रं, सुतळी, जुनी चादर आणि शाळेची दोन दप्तरं घरचीच.

विकत घेतलं ते असं: कागदी टेपची दोन बंडलं ७०, फेविकॉल ११०, बेगड ४०, मठाठ्या (बैलाच्या कपाळावर बांधायचे पट्टे) आणि लोकरीचे गोंडे १८०, घुंगरं ९०, इलॅस्टिक आणि वेल्क्रो ५०, काळ्या रंगाची डबी ४०. पैसे एकीनंच द्यायचे, हिशोब एका कागदावर लिहायचा आणि शेवटी अर्धे करायचे. "गोंड्याचे तू दे, टेपचे मी देते" असं सुरू झालं की पाच रुपयांवरून तोंडं फुगतात.

साजाबद्दल एक युक्ती. खऱ्या बैलाच्या मठाठ्या आणि घुंगरमाळा माणसाच्या मानेला जड होतात. त्याच दुकानांत मोठ्या लाकडी बैलांसाठी छोटा साज मिळतो. हलका, स्वस्त आणि आपल्या डोक्याच्या मापाला बरोबर. दुकानदारानं विचारलं, "बैल केवढा आहे?" मैत्रीण म्हणाली, "पाच फूट पाच इंच." मग त्यानं चहा मागवला.

डोकं

तोंड झाकणारा मुखवटा करू नका. घाम येतो, चष्म्यावर वाफ धरते, आणि मंचावर बोललेलं कोणाला ऐकू येत नाही. बैलाचं डोकं टोपीसारखं आपल्या डोक्यावर बसवायचं, नाकाडाचा भाग कपाळापुढे छज्जासारखा यायचा. आपला चेहरा खाली मोकळा. भुरभुर पाऊस आला तरी तोंडावर येत नाही.

पुठ्ठ्याच्या आत नळ्या असतात, त्या कोणत्या दिशेला धावतात ते आधी पाहा. नळ्यांना समांतर वाकवला तर पुठ्ठा गुमान वाकतो, आडवा वाकवला तर मोडतो. डोक्याभोवतीच्या पट्टीसाठी ६५ सेंटीमीटर लांब, ५ सेंटीमीटर रुंद तुकडा कापा आणि नळ्या रुंदीच्या दिशेनं ठेवा. पट्टी टेबलाच्या काठावरून दोन-तीनदा ओढली की गोल होते. डोक्याला लावून जुळवा, बोटभर सैल ठेवा, कारण आत कापडाची घडी यायची आहे. मग कानापासून कानापर्यंत एक आणि कपाळापासून मागपर्यंत एक, अशा दोन पट्ट्या टाळूवरून न्या. झाला सांगाडा.

चेहऱ्याचे चार तुकडे. वरचा तुकडा ३० सेंटीमीटर लांब, मागे १६ रुंद, नाकाकडे निमुळता होत १०. बाजूचे दोन तेवढेच लांब, मागे १४ उंच, पुढे ९. समोर नाकाचा तुकडा १० बाय ९, कोपरे गोल केलेला. खालची बाजू उघडी. हे आधी जुन्या कॅलेंडरच्या पानावर काढा, कापा, आणि त्याच पानावरून दोन्ही बैलांचे तुकडे आखा. एका बैलाचे कापून त्यावरून दुसऱ्याचे आखलेत तर पेन्सिलीच्या जाडीनं प्रत्येक तुकडा मोठा होतो, आणि चार तुकड्यांत तो फरक चांगला बोटभर होतो. बाजूचा तुकडा एकदा सुलटा, एकदा उलटा आखा, नाहीतर दोन्ही डावेच निघतात.

जोडायला कागदी टेपच घ्या, आतून आणि बाहेरून. खोक्यांना लावतात ती चकचकीत तपकिरी टेप मजबूत असते, पण तिच्यावर ना फेविकॉल धरतो ना रंग. पहिल्या वर्षी माझ्या बैलाच्या गालफडाची साल मंचावरच सुटली होती.

चेहरा सांगाड्यावर बसवताना ३० पैकी १५ सेंटीमीटर भाग डोक्यावर राहू द्या, १५ पुढे. याहून पुढे गेलात तर डोकं वारंवार डोळ्यांवर येईल. हनुवटीखालून इलॅस्टिक तर हवंच, शिवाय मागून अंबाड्याखालून दुसरं इलॅस्टिक लावा. खरी पकड त्या मागच्याची. वेणी असेल तर त्या दिवशी अंबाडा घाला.

शिंगं, आणि हे सगळ्यात सावकाश करा

लोक लांबून बैल ओळखतात ते शिंगांवरून, आणि जोडी जमली का तेही शिंगांवरूनच. चारही शिंगं एका बैठकीत करा.

सेंटरिंगची बारीक तार ३८ सेंटीमीटर कापा आणि टोकं आत दुमडा, म्हणजे टोचणार नाहीत. वर्तमानपत्राची तीन पानं एकत्र घेऊन तारेभोवती तिरकी गुंडाळा, गाजरासारखी. बुंध्याचा घेर १६ सेंटीमीटरच्या आसपास, लांबी ३२. पीळ घट्ट हवा. अंगठ्यानं दाबल्यावर खळगा पडला तर उलगडून पुन्हा गुंडाळा. वरून टेपचे वेढे. मग बाक द्यायचा, पण एका जागी मोडल्यासारखा नको. मांडीवर धरून बुंध्याकडून टोकाकडे थोडं थोडं वाकवत जायचं. पहिलं शिंग मनासारखं झालं की ते वर्तमानपत्रावर आडवं ठेवून त्याचा आकार आखा आणि उरलेली तीन त्या आकारावर ठेवून जुळवा. दोन डावी, दोन उजवी.

बुंध्याला कात्रीनं चिरा देऊन ३ सेंटीमीटरच्या पाकळ्या करा. चेहऱ्याच्या वरच्या तुकड्यात, कडेपासून दोन बोटं आत, भोकं पाडा, शिंग वरून खाली घाला, पाकळ्या आतून पसरून फेविकॉल आणि टेपनं चिकटवा. ग्लू गनवर विसंबू नका. शिंग कुठेतरी अडकलं की गोंदाचा गोळा पुठ्ठ्याची साल घेऊन निघतो.

आता कान. दहापैकी आठ बैलांचे कान लोक शिंगांच्या वर लावतात, मांजरासारखे. बैलाचे कान शिंगांच्या खाली आणि जरा मागे असतात, आडवे. चादरीच्या पांढऱ्या कापडाचा दुहेरी कान शिवा, मध्ये पातळ पुठ्ठा घाला आणि चेहऱ्याच्या बाजूच्या तुकड्याला लावा. एवढ्या एका दुरुस्तीनं बाबांनी प्रथमच मान डोलावली.

कागदाचे थर आणि कूलर

मैद्याची खळ स्वस्त पडते, मान्य. पण श्रावण-भाद्रपदात खळीवर बुरशी येते. आमच्या एका नाकाडावर चौथ्या दिवशी हिरवी लव आली आणि अख्खा थर सोलावा लागला. मोरचूद घालून बुरशी टाळतात, पण ते विष आहे, डोक्यावर घालायच्या वस्तूत नको. फेविकॉलचे दोन भाग, पाण्याचा एक भाग, एवढंच पुरेसं. पाणी जितकं कमी तितकं वाळणं लवकर.

वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या हातानं फाडा, कात्रीनं कापू नका. फाटलेली कड पातळ असते, ती थरात मिसळून जाते. पहिला थर आडवा, दुसरा उभा, म्हणजे कुठं राहिलं ते कळतं. तिसरा थर साध्या पांढऱ्या कागदाचा द्या, नाहीतर वर्तमानपत्राची काळी अक्षरं रंगाखालून डोकावतात. सांध्यांवर आणि शिंगांच्या बुंध्याशी एक थर जास्त.

दोन थरांमध्ये पूर्ण रात्र जाऊ द्या. आणि इथं नागपुरी इलाज: खिडकीतला कूलर ऑगस्टमध्येही काढलेला नसतो. टाकी रिकामी करा, पंप बंद ठेवा, नुसता पंखा लावा आणि दोन्ही डोकी त्याच्यासमोर दोरीला टांगा. सकाळपर्यंत खणखणीत. गॅसवर धरून वाळवायचा मोह आवरा. बाहेरून कडक होतं, आत ओल राहते, आणि कागदाला आग लागायला क्षण पुरतो.

शेवटचा थर वाळला की डोकी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. आमची ३५० ग्रॅमच्या आसपास आली. अर्ध्या किलोच्या वर गेलं तर तासाभरात मान दुखेल, थर कमी करा.

रंग

डिस्टेंपरचे दोन हात. राखाडी एकाच वाटीत, एकदाच कालवा: पांढऱ्यात काळ्याचे थेंब, काळ्यात पांढरं नाही. दोन्ही बैलांना पुरेल एवढा रंग आधीच करा. संपला आणि पुन्हा कालवला तर तीच छटा येत नाही. आमचा पहिल्या वर्षीचा गव्हाळ राजा असाच झाला होता, डब्याच्या तळातल्या रंगाचा. कपाळ पांढरं, कानामागे आणि नाकाच्या वर फिकट राखाडी, नाकाडाचं टोक काळं.

डोळे काळ्या कार्डपेपरचे, बदामी आकाराचे. त्यांवर बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात दिले की ओले दिसतात, आणि त्या ओलेपणानं बैल जिवंत होतो. डोळ्याभोवती काजळासारखी रेघ.

शिंगांना बेगड. बुंध्यापासून टोकाकडे तिरकं गुंडाळा आणि पट्ट्यांचा क्रम दोघींचा एकच ठेवा. आम्ही खाली हिरवं, वर सोनेरी ठेवलं. टोकाला पितळी शेंब्या घालण्याऐवजी सोनेरी बेगडाचाच गोळा केला आणि कडेला लोकरीचा लहान गोंडा. गोंडे लोकरीचेच घ्या. क्रेप कागदाचे गोंडे स्वस्त म्हणून घेतलेत तर पहिल्या सरीत लाल ओघळ पांढऱ्या कुडत्यावर येतील. तो कुडता मी आता होळीला घालते.

झूल: माप जमिनीपासून

मैत्रीण माझ्यापेक्षा चार इंच उंच. बैलजोडी एका उंचीची हवी, आणि माणसं तर कापता येत नाहीत. आजींनी तोड सांगितली. त्या म्हणाल्या, झूल खांद्यापासून मोजू नका, जमिनीपासून मोजा. दोघींच्या झुलीची खालची कड जमिनीपासून ४५ सेंटीमीटरवर आली की पाहणाऱ्याचा डोळा त्या एका सरळ रेषेवर जातो आणि खांद्यांतला फरक निसटतो. शिवाय मी जाड तळव्याचे बूट घातले, तिनं सपाट. उरलेला फरक शिंगांनी नाही, डोक्याच्या पट्टीनं भागवला: तिची पट्टी कपाळावर जरा खाली, माझी जरा वर.

साडी साडेपाच मीटरची. तिच्या झुलीला सुमारे १.९ मीटर, माझ्या झुलीला १.७. पुढून मागे टाकायची, मध्ये गळा. काठ लांबीच्या बाजूंना असतात, ते आपोआप दोन्ही हातांवरून खाली येतात, वेगळी किनार लावायची गरज नाही. अडचण पदराची. पदर एकच आणि बैल दोन! तो कोणा एकीच्या झुलीत गेला की जोडी फसली. म्हणून आधी पदर वेगळा कापा, लांबीत दोन सारखे भाग करा आणि एकेक भाग दोघींच्या पाठीवर मधोमध शिवा. आजींनी तो इतका सरळ बसवला की लोकांना ती विकतची झूल वाटली. उरलेल्या मीटरभर कापडातून कमरपट्टे आणि शेपटीची मुळं निघाली. जळका भाग गळ्याच्या भोकात गेला.

गळा कापताना कापडाची चौघडी घाला. मधल्या कोपऱ्यापासून बाजूला ९ सेंटीमीटर आणि खाली ४ एवढाच गोल कापा, मग घडी उघडून फक्त पुढच्या बाजूला ५-६ सेंटीमीटर वाढवा. डोकं जात नसेल तर आणखी कापता येतं. मोठा झालेला गळा लहान होत नाही.

पण कड कापण्याआधी वशिंड घाला. आपल्याकडच्या बैलाला वशिंड असतं, ते नसेल तर परदेशी वळू दिसतो. त्यासाठी कापूस भरत बसू नका. शाळेचं लहान दप्तर पाठीवर उंच, पट्टे घट्ट करून घाला, वरून झूल. झालं वशिंड, आणि पाण्याची बाटली, मोबाईल, टेप, सुईदोरा, सेफ्टीपिना ठेवायला जागाही. फक्त दप्तरानं झूल मागून उचलली जाते, म्हणून जमिनीपासूनचं माप दप्तर चढवल्यावरच घ्या. दोघींची दप्तरं एका आकाराची हवीत. माझ्या दप्तरात डबा राहिला होता, म्हणून माझं वशिंड चौकोनी.

दोन्ही खांद्यांवर हळदीचा पिवळा हात उमटवला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळतात आणि सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." कापडावर तो पिवळा डाग लांबूनही कळतो, आणि गावाकडच्या माणसाला तर बरोबर कळतो.

शेपूट सुतळीची तिपेडी, टोकाला काळ्या लोकरीचा झुपका. ती कमरपट्ट्याला शिवा, लेगिंगला नाही. आणि घोट्याच्या वीतभर वरच संपवा, मागच्याचा पाय पडतो. खुरांसाठी काळे कॅनव्हास बूट आणि मधोमध पांढरी टेप. बुटांवर मोजे चढवू नका, ओल्या फरशीवर घसराल.

घुंगरं ओवताना प्रत्येक घुंगरानंतर गाठ मारा. एक सर तुटली तर एकच घुंगरू पडतं, सगळी मंचभर पसरत नाहीत.

जोडणारी गोष्ट

दोन बैल शेजारी उभे केले म्हणजे जोडी होत नाही, मध्ये काहीतरी हवं. आम्हाला पहिल्यांदा जू सुचलं. प्लंबरकडून उरलेला पीव्हीसी पाईप आणला, तपकिरी रंगवला, दोन्ही खांद्यांवर ठेवला. दिसत होतं झकास. बाबा बाहेरून आले, दारातच थांबले. "काहून गं पोरीहो, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवते का कोणी? वर्षात तोच एक दिवस असते ना त्याले सुट्टीचा!"

पाईप परत प्लंबरकडे गेला. जूऐवजी आम्ही तोरण केलं. पोळ्यात बैल आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे करतात आणि तोरण तुटलं की पोळा फुटतो. दोन बांबूच्या कामट्या, प्रत्येकी दोन मीटर, मध्ये सुतळीवर आंब्याची पानं. एकीच्या डाव्या हातात एक कामटी, दुसरीच्या उजव्या हातात दुसरी, बैल तोरणाखाली. पानं त्याच दिवशी सकाळी तोडा. सुतळीला मधोमध सैल गाठ ठेवा, म्हणजे ओढल्यावर तुटल्यासारखी सुटते.

दोघींच्या कमरपट्ट्यांना जोडणारा कासराही ठेवला, दीड मीटरचा, पण टोकांना वेल्क्रो. एक अडखळली तर दुसरीला घेऊन पडणार नाही.

मंचावर मिनिटभर काय करायचं ते आधी ठरवा. नुसतं चालत जाऊन परत येणं रटाळ होतं. आम्ही झडती म्हटली, म्हणजे पोळ्यात म्हणतात ती यमकाची कवनं. जुन्या झडत्या घरातल्या मोठ्यांना पाठ असतात, पण स्वतःची रचलेली जास्त रंगते:

डबा रे डबा, रंगाचा डबा,
रंग गेला संपून, राजा अर्धाच उभा!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

शेवटच्या शब्दाला गाठ ओढायची, तोरण सुटतं, दोघींनी उधळायचं.

दोन दिवस आधी

सगळं अंगावर चढवून जिना उतरा, दारातून बाहेर पडा, पाण्याची बाटली काढून पाणी प्या. शिंगांची रुंदी दारातच कळते. पावलं जुळवा: दोघींनी बाहेरचा पाय आधी टाकायचा. घुंगरं एका तालात वाजायला लागली की नवा काही साज न घालताही जोडी दिसते. ऑटोत बसताना डोकी मांडीवर घ्या, आणि बाहेर निघताना दोन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या न्या, पावसाचा भरवसा नाही.

लहान मुलांसाठी करत असाल तर सगळी मापं पाऊण करा, शिंगांत तार घालू नका आणि कासरा गाळाच. मुलं धावतात.

कार्यक्रम झाल्यावर गोंडे-मठाठ्या सोडून कोरड्या डब्यात ठेवा, झुली धुऊन घड्या घाला, तोरणाची पानं झाडाखाली. डोकी पुसून एक दिवस पुन्हा कूलरसमोर टांगा, आतला घाम वाळू द्या, मग जुन्या उशीच्या अभ्र्यात कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यासोबत ठेवा. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे असं करू नका. एका घरात उंदरानं कान कुरतडला तर दुसरीला पुढच्या श्रावणातच कळेल. आमची दोन्ही डोकी माझ्याकडे आहेत, कपाटावर, भिंतीकडे तोंड करून. डोळ्यांवरचं नेलपॉलिश रात्री चमकतं म्हणून आईनं तशी ठेवायला लावली.